शिवकांता मॅडम आणि उदगीरला अडकलेले अब्बा

शिवकांता मॅडमचा आवाज मोठा होता. कळंबच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या भूगोल शिकवायच्या आणि शेजारच्या वर्गातली मुलं भूगोल न घेताही मोसमी वारे, काळी मृदा सगळं घडाघडा सांगायची. मैदानावर खो-खो चालू असला आणि मॅडमनी वर्गात "खाली बस!" म्हटलं, की मैदानावरची पोरंही खाली बसायची. त्यामुळं संस्थेनं बारावीच्या मुलांसाठी समुपदेशक नेमायचं ठरवलं आणि प्राचार्य उत्तरेश्वर सरांनी ते काम मॅडमच्या गळ्यात घातलं, तेव्हा स्टाफरूममध्ये चहा पिणाऱ्या दोघांना ठसका लागला.

"सर, मला कशाला?" मॅडम म्हणाल्या. "मी समुपदेशन केलं तर गावभर ऐकू जाईल."

"मुलं तुम्हाला भितात," सर म्हणाले. "म्हणजे तुमचं ऐकतील."

सर स्वतः त्यांना भीत होते. हे सांगताना ते दाराकडं बघत होते.

मग मॅडमना लातूरला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची होती आणि तिचा आवाज इतका बारीक की मॅडमना पहिल्या बाकावर जाऊन बसावं लागलं. ती म्हणाली, समुपदेशनात मुलांनी आपलं ऐकायचं नसतं, आपण मुलांचं ऐकायचं असतं. मूल गप्प बसलं तर आपणही गप्प बसायचं, त्या गप्पपणाला घाबरायचं नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. पण गप्प बसणं म्हणजे नेमकं काय करायचं, हात कुठं ठेवायचे, हे त्यांना उमगेना. आजवर तशी वेळच आली नव्हती.

घरी येऊन त्यांनी सराव नवऱ्यावर सुरू केला. शांतलिंगराव पोस्टातून निवृत्त झालेले. लग्न झाल्यापासून त्यांचं बोलणं "व्हय" आणि "बरं" या दोन शब्दांत भागत आलेलं. मॅडम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्याकडं टक लावून बघू लागल्या.

"काय झालं?" शांतलिंगराव दचकले.

"काही नाही. तुम्ही बोला. मी ऐकते."

"अगं, डॉक्टरनं काय सांगितलंय का माझ्याबद्दल?"

बायकोला नुसतं ऐकायचंय, हे त्यांना खरं वाटायला बरेच दिवस गेले. मग एके सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी बेंबळीच्या पोस्टात बदली झाली तेव्हापासून सुरुवात केली. ते जे बोलायला लागले ते थांबेनात. मॅडम भाजी निवडत ऐकत, कणीक मळत ऐकत. मध्येच काहीतरी ओठांवर यायचं, तेव्हा त्या पदराचं टोक दातांत धरायच्या. ऐकणं हे धुण्याभांड्यांपेक्षा कष्टाचं काम आहे, असं त्यांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं. अर्थात मोठ्यानं.

खेळाचं सामान ठेवायची खोली समुपदेशनाला मिळाली. भिंतीला टेकवलेला फुटका कॅरम, फाटकी जाळी, दोन खुर्च्या. मुलं यायला लागली. कुणी म्हणे पोलीस भरती. का, तर मित्र करायलाय म्हणून. मुजम्मिलला एकाच वेळी वकील, फौजी आणि गायक व्हायचं होतं. मॅडमनी त्याला ओळखीच्या वकिलांबरोबर दिवसभर तालुका कोर्टात बसवलं. तो परत येऊन म्हणाला, "मॅडम, तिथं काम फक्त कँटीनवाल्याला हाय. बाकीचे सगळे तारखा घ्यायलेत." आणि तो हॉटेल व्यवसायाची चौकशी करायला लागला.

नुसतं कुठं जायचं हे सांगून मॅडमचं समाधान होईना. पोरं पुण्याला, संभाजीनगरला जाणार, तिथं राहणार कशी? म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर नळावर पोरांना बसवून शर्टाची कॉलर घासायला लावायच्या. वरण-भाताचा कुकर लावायला शिकवायच्या. मेसची भाजी आवडली नाही तर कुणाशी भांडायचं आणि कुणाशी अजिबात भांडायचं नाही, हे सांगायच्या. "आईचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा," हा त्यांचा कडक नियम. "दुसऱ्या रिंगला उचललात तर ती शेजारच्या बाईला उठवते, तिसऱ्या रिंगला मला."

अशात अलिजा आली. येरमाळ्याच्या रस्त्यावर तिच्या वडिलांची, गफारभाईंची खव्याची भट्टी होती. पोरगी अभ्यासात चांगली, बोलायला मात्र महाग. ती येऊन खुर्चीत बसली आणि खाली बघत राहिली. मॅडमना प्रशिक्षण आठवलं. त्याही गप्प बसल्या. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. तास संपल्याची घंटा झाली. "येते मॅडम," म्हणून अलिजा गेली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मॅडमना घाम फुटला होता, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. तिसऱ्या खेपेला अलिजानंच मान वर केली.

"मॅडम, तुम्हाला बरं नाही का?"

"मला? मला काय झालंय?"

"तुम्ही बोलतच नाही. वर्गात सगळे काळजी करायलेत."

मॅडमना हसू फुटलं, पोरगीही हसली, आणि त्या हसण्यातून गोष्ट बाहेर आली. अलिजाला डॉक्टर व्हायचं नव्हतं. घरचे म्हणत होते डॉक्टर हो, मामा म्हणत होता डॉक्टर हो, गल्लीतल्या बायका आत्ताच पाठ दुखते म्हणून तिला नाडी दाखवत होत्या. तिला खवा करायचा होता. उन्हाळ्यात खवा लवकर आंबतो, भट्टीच्या धुरानं अब्बांचे डोळे कायम लाल असतात. दूध धुराविना आटवता येतं, खवा जास्त दिवस टिकवता येतो, हे तिनं वाचलं होतं. उदगीरला दुग्धतंत्रज्ञानाचं कॉलेज आहे, तिथं जायचं. त्यासाठीच्या सीईटीचा अभ्यासही तिनं गुपचूप चालू केला होता. पण अब्बांना सांगायचं कुणी?

"मी सांगते!" मॅडम म्हणाल्या. हे मात्र मैदानापर्यंत ऐकू गेलं.

गफारभाई आणि शरिफाबी शाळेत आले. गफारभाई अंगानं सडसडीत, डोक्याला टोपी, अंगाला दुधाचा आणि धुराचा वास. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, म्या इतकी वर्सं धुरात डोळं फोडून घेतलं, कामून? पोरीनं पांढरा कोट घालावा म्हनून. आन ही म्हनायली परत खव्यातच जाते! मंग तिला शाळेत कशाला घातलं? घरीच उलथनं हातात दिलं असतं."

"गफारभाई, तिथंही पांढराच कोट घालतात."

गफारभाई थबकले. हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. जरा विचार करून म्हणाले, "पन गळ्यात नळी नसती."

"नळी काय खायची हाय का?" शरिफाबी पहिल्यांदाच बोलल्या. "पोरगी आवडीनं जायली तर जाऊ द्या की. डॉक्टरीन झाली असती तर इंजेक्शनच दिलं असतं तुमाला. आता डोळं तरी वाचतील."

गफारभाईंनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग त्यांनी मॅडमला विचारलं, "उदगीरला माझा साडू हाय. तितं पोरीवर लक्ष ठिवंल ना कुनी?" तिथंच मॅडमना कळायला हवं होतं. पण काम फत्ते झाल्याच्या आनंदात त्यांचं तिकडं लक्ष गेलं नाही.

बारावी झाली, सीईटीत मार्कही बरे पडले आणि प्रवेश झाला. वसतिगृहात खोली मिळाली. निघायच्या दिवशी अलिजा कधी नव्हे इतकी बोलत होती. पेटी, गादी, बादली, पेढ्यांचा डबा असा सगळा पसारा एस.टी.त चढला. भट्टी बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून शरिफाबी घरी राहिल्या. गफारभाई म्हणाले, "पोरीला सोडतो आन संध्याकाळच्या गाडीनं वापस येतो." मॅडम स्टँडवर निरोपाला गेल्या होत्या. त्यांनी अलिजाला सगळ्या सूचना पुन्हा दिल्या, त्या शेजारच्या बार्शी गाडीतल्या लोकांनीही ऐकल्या आणि माना डोलावल्या.

चारेक दिवसांनी शरिफाबींचा फोन आला.

"मॅडम, पोरगी गेली ते ठीक. माझा मानूस बी गेला की वो!"

"कुठं गेले?"

"उदगीरलाच हायेत. रोज म्हनायलेत उद्या येतो. इकडं दूध घिऊन लोकं दारात हुबे. म्या एकटी किती आटवू?"

मॅडमनी अलिजाला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "मॅडम, अब्बा इथंच आहेत," ती कुजबुजली. "गेटसमोर चहाची टपरी आहे, दिवसभर तिथं बसतात. आधी म्हणाले खाट हलतीय, ती नीट करून जातो. मग म्हणाले तुझं वेळापत्रक कळू दे. माझ्या मैत्रिणी पण त्यांना अब्बा म्हणायल्यात. इथल्या सरांना कळलं तर? मॅडम, तुम्ही येऊन त्यांना घेऊन जा ना."

प्रशिक्षणात मुलांचं सगळं सांगितलं होतं. बापाला परत कसं आणायचं यावर एक शब्द नव्हता. मॅडमनी रजा टाकली. शांतलिंगराव म्हणाले, "मी पण येतो, गप्पा होतील." गप्पा झाल्या. कळंब सोडलं तेव्हा बेंबळीचे पोस्टमास्तर आजारी होते, मुरूडपर्यंत ते बरे झाले, लातूरला त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं. पुढच्या गाडीत कंडक्टरही येऊन शेजारी बसला, आणि उदगीरला उतरताना त्यानं विचारलं, "मंग लग्नात पाहुणे रुसले म्हणालात, त्याचं काय झालं?" शांतलिंगराव त्याला ते सांगत स्टँडवरच थांबले. मॅडम एकट्याच पुढं गेल्या.

टपरीवर गफारभाई बसलेले नव्हते. ते उभे होते. शेगडीवर मोठं पातेलं होतं, त्यात दूध उकळत होतं आणि ते लांब पळीनं दूध ढवळत होते, एका लयीत, भट्टीवर ढवळतात तसं. टपरीचा मालक शिवानंद बाजूला हात बांधून उभा होता.

मॅडम कोण आहेत हे कळताच त्यानं त्यांना कोपऱ्यात घेतलं. "न्या हो यांना. चहा लई भारी व्हायलाय, तक्रार न्हाय. पन एकदा आलेलं गिऱ्हाईक उठंनाच. हे प्रत्येकाला पोरीचं सांगत बसतेत. माझी बाकडी रिकामीच होईनात!"

गफारभाईंनी मॅडमला बघितलं आणि पळी खाली ठेवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "मॅडम, तुमी? बसा बसा. चहा घ्या. म्या आज निघनारच हुतो."

मॅडमच्या छातीत ठेवणीतला आवाज तयार होता. "गफारभाई, उठा आणि गाडीत बसा," एवढं म्हटलं असतं तर गफारभाईच काय, समोरचं अख्खं वसतिगृह गाडीत बसलं असतं. पण त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं, बाकड्यावर बसल्या आणि चहा घेतला. बोलल्या नाहीत.

गफारभाई बोलले. उदगीरच्या हवेबद्दल बोलले, साडूच्या घोरण्याबद्दल बोलले, इथल्या म्हशींच्या शिंगांबद्दल बोलले. मॅडम चहा पीत राहिल्या. मग बोलायचं काही उरलं नाही. गफारभाईंनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "घरी गेलो की शरिफा पयलं काय इचारनार? पोरगी रडली का. बराबर?"

मॅडमनी मान हलवली.

"ती रडलीच न्हाय. पेटी ठिवली, गादी टाकली, म्हनली अब्बा, या आता. हसत हसत! म्या गेटपत्तुर आलो, मागं वळून बगितलं, तर गेली बी. मला वाटलं, आज नवीन हाय, उद्या आठवन यील, रडंल. रडली की तिला समजावतो आन मंग निघतो. दुसऱ्या दिवशी बी रडली न्हाय. तिसऱ्या दिवशी तर गानं म्हनत आली. आता पोरगी रडल्याबिगर बाप घरी कसा जाईल, सांगा बरं!"

मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इथंच बसा. दूध बघा."

अलिजा तास संपवून बाहेर आली, पांढरा कोट हातात. मॅडमनी तिला टपरीच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं.

"रडू? कामून?" अलिजा चकित झाली. "मॅडम, मला इथं लई बरं वाटतंय."

"ते कळतंय ग. पण थोडं रड. तुझ्या बापाची गाडी त्याच्यावर अडलीय."

अलिजानं प्रयत्न केला. डोळे मिटले, ओठ दुमडले, नाक वर केलं. शिंक येणाऱ्या माणसासारखी दिसायला लागली. एक डोळा उघडून मॅडमकडं बघितलं आणि खिक्कन हसली. मग मॅडमही हसल्या. दोघींना काही आवरेना. हसण्यानं डोळ्यांत पाणी आलं, पण ते पाणी दाखवण्यासारखं नव्हतं.

शेवटी शिवानंद मदतीला आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण मॅडम कुजबुजल्या होत्या, आणि त्यांची कुजबुज टपरीच्या पत्र्यातून आरपार जायची. गफारभाई तेवढे एका गिऱ्हाइकाला पोरीचं सांगण्यात दंग होते. भज्यांसाठी चिरायला घेतलेला अर्धा कांदा त्यानं पुढं केला. अलिजानं तो डोळ्यांपाशी धरला. दोन मिनिटांत डोळे लालबुंद, गालांवर धारा.

ती पुढं गेली. "अब्बा," नाक ओढत म्हणाली, "तुम्ही जा आता. मला तुमची आठवण येईल."

गफारभाई गडबडीनं उठले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, "या अल्ला, रडू नको, रडू नको," म्हणत तिला जवळ घेतलं, आणि तिथंच थांबले. नाक जरा वर केलं. आयुष्यभर वासावरून दूध ओळखलेला माणूस तो.

"कांदा हाय," ते म्हणाले.

शिवानंद शेगडी पुसायला लागला.

"अब्बा, रडूच येईना, काय करू?" अलिजा म्हणाली. "तुम्ही मला इतक्या चांगल्या जागी आणून सोडलंत, तर रडू कसं येईल?"

गफारभाई खदखदा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचेच डोळे वाहायला लागले. कांदा तर लांब होता. टोपीनंच डोळे पुसून म्हणाले, "अम्मीला म्हनंन, लई रडली. कांद्याचं कुनी सांगायचं न्हाय. मॅडम, तुमी बी."

दुपारच्या गाडीला ते बसले. बसताना खिडकीवरून एका प्रवाशाशी गफारभाईंचं वाजलं, ते पाठमोरे होऊन त्याला खिडकीचा हक्क समजावत होते. शांतलिंगराव मध्यस्थी करत होते. गाडी हलली तेव्हा मॅडमनी मागच्या काचेतून बघितलं. स्टँडवर अलिजा एकटी उभी होती. हात हलवता हलवता तिचा हात खाली आला, आणि ती ओढणीत तोंड घालून रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. शेजारच्या फळवालीनं तिला जवळ घेतलं.

ज्याच्यासाठी गफारभाई इतके दिवस थांबले होते ते त्यांच्या पाठीमागं चालू होतं आणि ते म्हणत होते, "म्या आधी रुमाल टाकलेला!"

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर हा माणूस चालत्या गाडीतून उतरला असता. लातूर येईपर्यंत त्यांनी पदराचं टोक दातांत धरून ठेवलं. लातूरला अलिजाला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, आता बरं आहे. मैत्रिणींनी भजी खाऊ घातली."

अलिजा आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत येऊन तिनं भट्टीच्या धुराड्याची दिशा बदलायला लावली, तेव्हापासून धूर शेजाऱ्यांकडं जातो आणि ते मॅडमकडं तक्रार घेऊन येतात.

मॅडमनी त्या सगळ्यातून एक ठरवलं. पुढच्या वर्षी निकालानंतर मुलांच्या आधी आईबापांची बैठक घेतली आणि अनुभव सांगायला गफारभाईंना बोलावलं. उत्तरेश्वर सरांनी शालही आणली. गफारभाई उभे राहिले आणि असे बोलले, असे बोलले, की सभागृहात एकाही बाईचा पदर कोरडा राहिला नाही. पोरगी लांब गेली की घर कसं खायला उठतं, तिचा कप रिकामा कसा दिसतो, सगळं. बैठक संपली तेव्हा तीन घरांनी मुलांना पुण्याला पाठवायचा बेत रद्द केला होता.

"गफारभाई, हे काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"तुमीच म्हनला ना, खरं ते सांगा."

मग आठवडाभर मॅडम आणि शरिफाबी घरोघर हिंडल्या. शरिफाबींचं म्हणणं थोडक्यात असायचं, "माझ्या मानसाचं मनावर घिऊ नका. त्यो म्हैस इकली तरी रडतो." दोन घरं वळली. तिसरं सत्यभामाबाईंचं, त्यांचा कृष्णराज एकुलता एक. त्या शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर. त्याला सोडायला त्या स्वतः जाणार, आणि तेही फक्त बार्शीपर्यंत.

गेल्या सोमवारी मायलेक पुण्याच्या गाडीत बसले. दुपारी मॅडम वर्गावर होत्या, तेव्हा सत्यभामाबाईंचा फोन आला.

"मॅडम, म्या टेंभुर्णीत उतरले बघा. बार्शी कधी आली ते कळलंच नाही. आता इथून कळंबला गाडी कुठं लागती?"

मॅडम सांगायला लागल्या, आणि शेजारच्या वर्गानंही टेंभुर्णी ते कळंब हा रस्ता लिहून घेतला.